विभक्त कुटुंब, जवानाचा पगार आणि पोटगी

प्रश्न : माझे यजमान भूदलात नायक आहेत. दोन मुलांसह मी माहेरी राहते. वर्षभरापासून त्यांनी पैसे पाठवणे बंद केले असून, ‘फौजीच्या पगाराला कोर्टही हात लावू शकत नाही’ असे ते सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धेच खरे आहे, आणि बायकोला नेमके तेवढेच सांगितले जाते. सेना अधिनियम, १९५० च्या कलम २८ नुसार दिवाणी न्यायालयाला जवानाचे वेतन जप्त करता येत नाही. परंतु त्याच अधिनियमाचे कलम ९१ पत्नी व मुलांच्या निर्वाहासाठी त्या वेतनातून परस्पर कपात करण्याची मुभा देते. अधिकाऱ्यांसाठी हीच तरतूद कलम ९० मध्ये आहे.

त्यासाठी पतीच्या कमांडिंग ऑफिसरच्या (सीओ, म्हणजे युनिटप्रमुखाच्या) नावे साधा अर्ज करावा; वकिलाची गरज नसते. अर्जात आर्मी नंबर, हुद्दा आणि युनिट लिहावे, सोबत विवाहाचा व मुलांच्या जन्माचा दाखला आणि पैसे केव्हापासून थांबले हे दाखवणारी पासबुकाची प्रत जोडावी. लग्नाची आणि मुलांची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने (जवानाच्या सेवा अभिलेखात कौटुंबिक नोंदी करणाऱ्या लष्करी आदेशाने) झालेली आहे ना, याची खात्री आधीच करून घ्यावी, कारण बरेच अर्ज तिथेच अडकतात. यजमानांना कारणे दाखवा नोटीस दिली जाते आणि त्यांच्या उत्तरासह प्रकरण वरिष्ठांकडे जाते. मंजुरी सीओ साहेबांच्या हातात नसल्याने त्यांना वारंवार फोन करून काही साधत नाही. २००१ च्या सेना आदेशानुसार पत्नीसाठी वेतन व भत्त्यांच्या २२ टक्के, प्रत्येक मुलासाठी ५.५ टक्के आणि सर्व मिळून कमाल ३३ टक्के अशी मर्यादा आहे. दोन मुले धरता आपला हिशेब त्या कमाल मर्यादेलाच पोहोचतो.

प्रश्न : असा अर्ज केल्यावर न्यायालयात जाण्याची गरज उरते का? पती दूर सीमेवर आहेत.

उत्तर : उरते, कारण युनिटमार्फत होणारी कपात ही प्रशासकीय सोय आहे, तर न्यायालय आपल्या गरजा आणि पतीचे एकूण उत्पन्न पाहून रक्कम ठरवते. आपण राहता तिथेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ च्या जागी आलेल्या तरतुदीखाली) अर्ज करता येतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात स्पष्ट केले आहे, त्यामुळे युनिटच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. कपातीतून मिळणारी रक्कम मात्र शपथपत्रात दाखवावीच. ती दडवणे अंगाशी येते.

प्रश्न : मी जवान आहे. आम्ही दोघांनी स्टँप पेपरवर लिहून वेगळे राहायचे ठरवले. आता माझी जबाबदारी संपली का?

उत्तर : नाही. परस्परसंमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला कलम १४४ खाली पोटगी मिळत नाही, हे खरे. पण त्या कागदाने घटस्फोट होत नाही आणि मुलांचा हक्क तर त्याने तसूभरही कमी होत नाही. पुढे रीतसर घटस्फोट झाला, तरी स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी पुनर्विवाह करेपर्यंत पोटगी मागू शकते. दरमहा रक्कम बँकेतूनच पाठवा. भावाच्या हाती दिलेली रोख रक्कम न्यायालयात सिद्ध करणे फार अवघड जाते.