‘स्कँडल’ म्हणजे ‘घोटाळा’ नव्हे

प्रश्न असा आहे. २००३ साली प्रदर्शित झालेला ‘अनटोल्ड स्कँडल’ हा कोरियन चित्रपट एका वाचकाने नुकताच पाहिला, आणि त्यावरील एका मराठी लेखात शीर्षकाचा अर्थ ‘न सांगितलेला घोटाळा’ असा दिलेला त्यांना आढळला. ‘स्कँडल’साठी येथे ‘घोटाळा’ चालेल काय, आणि चालत नसल्यास कोणता शब्द घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

चालणार नाही. निविदा फिरवल्या, खोटी बिले काढली, ठेवीदारांचे पैसे खाल्ले, की घोटाळा होतो. किंवा दोन सारख्या नावांमुळे आपला घोटाळा होतो. इंग्रजी वर्तमानपत्रे आर्थिक अपहारालाही ‘स्कँडल’ म्हणतात, त्यावरून आपल्याकडे हे समीकरण कधीतरी मांडले गेले आणि आता ते कोणत्याही संदर्भात डोळे मिटून वापरले जाते. या चित्रपटात कोरियातील जोसन राजवटीच्या काळातील एक सरदारपुत्र नऊ वर्षे वैधव्यव्रत पाळणाऱ्या स्त्रीचा निश्चय मोडण्याची पैज घेतो, यात कोणत्या हिशेबाचा ताळेबंद चुकला? ‘भानगड’ आणि ‘लफडे’ हे शब्द सर्वांना ठाऊक आहेत. बोलताना ते खुशाल वापरावेत, त्यांच्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

लिहावे असे जे आहे, ते मूळ शब्दात आहे. ‘स्कँडल’ लॅटिनमधून युरोपभर पसरला, पण तो मूळचा ग्रीक आहे, आणि ग्रीकमध्ये ‘स्कान्दालोन’ म्हणजे सापळ्याचा तो भाग, ज्याला आमिष लावतात. घरातला उंदराचा पिंजरा आठवावा. आतल्या आकड्याला भाकरीचा तुकडा खोचलेला असतो, उंदीर तो ओढतो, आकडा सुटतो आणि मागचे दार खाडकन पडते. तो आकडा म्हणजे स्कान्दालोन. या शब्दाचे ‘स्कान्दालेथ्रोन’ हे भावंड प्राचीन ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसच्या एका नाटकात येते, आणि तेथे तर न्यायालयात म्हाताऱ्यांना बोलण्यात अडकवण्यासाठी चक्क शब्दांचे सापळे मांडलेले आहेत. हा चित्रपट ज्या फ्रेंच कादंबरीवर बेतला आहे, ती शोदेर्लो द लाक्लोची १७८२ सालची कादंबरी आरंभापासून शेवटपर्यंत पत्रांची आहे; एकूण पत्रे १७५. त्यांतील नायकाची कितीतरी पत्रे म्हणजे आमिष लावलेला आकडाच आहे. लेखक स्वतः तोफखान्यातला अधिकारी होता, आणि त्याचा नायक एका सत्शील स्त्रीवर मिळवलेल्या विजयाचे वर्णन सेनापतीने लढाईचे करावे तसे करतो, हेही येथे ध्यानात घ्यावे.

आता मला सर्वांत प्रिय असलेला भाग. या ग्रीक शब्दाचे नाते भाषाशास्त्रज्ञ उडी मारणे, उसळणे या अर्थाच्या प्राचीन धातूशी जोडतात, आणि तोच धातू संस्कृतात ‘स्कन्द्’ म्हणून नांदतो. आकडा सुटताच सापळा उसळतो, म्हणून स्कान्दालोन. आपला स्कंद, म्हणजे देवांचा सेनापती कार्तिकेय, त्याच धातूचा. रामायणाच्या बालकांडात त्याच्या नावाची फोड ‘स्कन्न’, म्हणजे गळालेला, स्रवलेला, अशी केली आहे, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, ‘स्कन्दिर् गतिशोषणयोः’, म्हणजे जाणे आणि सुकणे, असा अर्थनिर्देश आहे. परंपरेविषयी पूर्ण आदर राखूनही माझे मत असे आहे की या धातूचा गाभा उसळणे हाच आहे, आणि शत्रूवर अचानक तुटून पडण्याला संस्कृतात ‘अवस्कंद’ म्हणतात, ही माझी साक्ष. शत्रू गाफील असताना घातलेला छापा आणि अचानक उसळणारा सापळा यांच्या मुळाशी एकच धातू असावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

येथे एक गैरसमज खोडून काढणे भाग आहे. ‘स्कँडल हा शब्द आपल्या स्खलनावरून गेला’ असे छातीठोकपणे सांगणारे विद्वान मला वरचेवर भेटतात. ध्वनी जुळला, अर्थ जवळचा वाटला, की व्युत्पत्ती सिद्ध झाली, असे त्यांना वाटते. ‘स्खल्’ आणि ‘स्कन्द्’ हे दोन वेगळे धातू आहेत. ‘स्खल्’ मराठीत आला तो ‘खळणे’ होऊन. ‘काम न खळता चालू आहे’ असे आपण म्हणतो, आणि ‘अडखळणे’ यातला खळ तोच. गंमत अशी की बायबलच्या मराठी भाषांतरकारांपुढे नव्या करारातील ‘स्कान्दालोन’ आला, तेव्हा त्यांनी ‘अडखळण’ हाच शब्द योजला. येशू आपल्या पेत्र या शिष्याला ‘तू मला अडखळण आहेस’ असे म्हणतो, तेथे मुळात हाच ग्रीक शब्द आहे. व्युत्पत्ती वेगळी, तरी अर्थ नेमका. या भाषांतरकारांची दृष्टी आपल्या कोशकारांना लाभली असती, तर बरे झाले असते.

कोशकार काय देतात? ‘लोकापवाद’. शब्द भारदस्त आहे, पण ‘अपवाद’ यात ‘वद्’ आहे. तो बोलण्यातूनच जन्मतो आणि त्याला कृत्याची गरज नसते. कालिदासाचा राम सीता निर्दोष आहे हे जाणतो, आणि तरीही ‘लोकापवादो बलवान् मतो मे’ असे म्हणतो. स्कँडलचे मूळ मात्र बोलण्यात नाही, दुसऱ्याला पाडणाऱ्या कृत्यात आहे. कॅथलिक धर्मशास्त्रात आजही ‘स्कँडल’ म्हणजे चारचौघांतली कुजबुज नव्हे. दुसऱ्याला पापाकडे नेणारे वर्तन, हा त्याचा अर्थ आहे. दिग्दर्शक इ जे-योंग यांच्या या चित्रपटात ती व्रतस्थ विधवा, जोंग, ही कॅथलिक पंथाकडे वळलेली आहे. यी सुंग-हुन या कोरियन माणसाने १७८४ साली बीजिंगमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८०१ साली जोसन दरबाराने या श्रद्धावंतांचा मोठा छळ केला, त्याच काळाच्या आसपासची ही कथा आहे. अशा स्त्रीला तिच्या व्रतापासून ढळवणे हे शब्दाच्या सर्वांत जुन्या धार्मिक अर्थाने स्कँडल ठरते. ‘लोकापवाद’ म्हटले की हा सगळा अर्थ हातचा जातो.

शिवाय ‘न सांगितलेला’ हे शेपूट कोरियन शीर्षकात नाहीच. ते इंग्रजी नावाने जोडले. कोरियनमध्ये ‘स्कँडल’ या उसन्या शब्दापुढे ‘जोसन नाम्न्यॉ सांगयॉल-जी-सा’ असे आहे. चिनी अक्षरांतून आलेल्या या शब्दसमूहाचा अर्थ ‘स्त्री-पुरुषांनी परस्परांत रमण्याची गाणी’. ऐकायला गोड वाटते, पण ही शिवी होती. जोसन काळातील कन्फ्यूशियन पंडितांनी आधीच्या गोर्यॉ राजवटीतील प्रेमगीतांना नाके मुरडण्यासाठी हा शिक्का वापरला. त्यांतले ‘स्सांग्‌ह्वाजॉम’ हे गीत पाहावे. एक स्त्री सारण भरलेल्या उकडीच्या पोळ्यांच्या दुकानात जाते, परदेशी दुकानदार तिचे मनगट धरतो, आणि ती तेथल्या पोरसवदा विदूषकाला बजावते की ही गोष्ट या दुकानाबाहेर गेली, तर ती तूच सांगितलीस असे मी म्हणेन. पुढच्या कडव्यांत ती देवळात जाते, विहिरीवर जाते, आणि प्रत्येक ठिकाणी मनगट धरले जाऊन तोच दम दिला जातो.

आणखी एक योगायोग. ‘सांगयॉल’ यातील ‘यॉल’ म्हणजे आनंद. पतीच्या मृत्यूनंतरही त्याच्याशी एकनिष्ठ राहणाऱ्या स्त्रीला कोरियनमध्ये ‘यॉल्ल्यॉ’ म्हणतात, आणि अशा स्त्रीच्या गौरवासाठी राज्याकडून कमान उभारली जाई. या दुसऱ्या ‘यॉल’चे चिनी अक्षर वेगळे आहे, पण कोरियनच्या हांगुल लिपीत दोन्ही अक्षरे हुबेहूब सारखी दिसतात. जोंग हिची सारी कथा एका ‘यॉल’पासून दुसऱ्या ‘यॉल’पर्यंतची आहे, आणि शीर्षक ठरवणाऱ्यांना हे ठाऊक होते, असे मी मानतो.

तर मूळ प्रश्नाकडे. धार्मिक अर्थ पोहोचवायचा असेल, तर ‘अडखळण’ निःसंकोच वापरावा. इंग्रजी शीर्षकाचेच मराठी हवे असेल, तर त्या दुकानातल्या स्त्रीला ज्याचे भय होते, तो शब्द आपल्याकडे तयार आहे: बोभाटा. ‘न झालेला बोभाटा’ असे म्हणावे.