गोबी, नागोबा आणि 'आयता'

प्रश्न असा आहे: प्रवाळातल्या एका व्हिडिओत निवेदक छोट्या गोबी माशाला 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणतो, कारण तो कोळंबीने खोदलेल्या बिळात राहतो. हे बरोबर आहे का? आणि या माशाला मराठीत काय म्हणावं?

बरोबर नाही. हल्ली कोणी दुसऱ्याच्या घरात दिसला रे दिसला की त्याचा नागोबा करून टाकतात. भाडेकरू नागोबा, घरजावई नागोबा! म्हणीतला नागोबा काहीही न करता बीळ बळकावतो. गोबी तसला नाही. (आणि गोबी म्हणजे फ्लॉवरही नाही. ते नाव लॅटिन 'गोबिअस'वरून आलंय.)

तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरापर्यंत ही जोडी वाळूत दिसते. कोळंबी अल्फिअस गटातली, नजरेने फार अधू. ती नांग्यांनी रेती ढकलत दिवसभर बीळ उपसते. बाहेर आली की एक मिशी माशाच्या अंगाला टेकवूनच काम. शिकारी मासा दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि कोळंबी त्याच क्षणी आत. धोका अगदी अंगावर आला तर गोबीही डोक्याकडून बिळात सूर मारतो. शिवाय बिळात त्याची जी शी पडते तीही कोळंबी खाते. एवढं भाडं कुठला नागोबा भरतो?

पण खरी गंमत 'आयता'मध्ये आहे. तो 'आयात'वरून आला असं छातीठोकपणे सांगणारे पंडित अधूनमधून भेटतात. त्यांनी प्राकृताकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं. दोन स्वरांमधला एकेरी 'त' मराठीपर्यंत येता येता सहसा गळतो: माता, माय. जोड असेल तर टिकतो: भक्त (इथे देवाचा नव्हे, शिजवलेलं अन्न), भत्त, भात; सप्त, सत्त, सात. मग 'आयता'तला 'त' कुठून आला? माझ्या मते 'आयत्त'मधून. आयत्त म्हणजे अधीन, अवलंबून. कर्णाच्या तोंडचं 'दैवायत्तं कुले जन्म' आठवा. जे आपल्या अधीन ते हाताशी, जे हाताशी ते तयार, आणि तयार मिळालेलं ते फुकटचं, असा अर्थ घसरत आला. म्हणजे विद्यापीठाला मिळते ती स्वायत्तता आणि आपण ज्यावर रेघोट्या मारतो ते आयतं पीठ, दोघांचं गोत्र एक!

'बीळ' शब्दातही हाच खेळ चालतो. एकेरी 'ल'चा 'ळ' होतो: फल, फळ; मूल, मूळ; बिल, बीळ. जोड 'ल्ल'चा मात्र 'ल'च राहतो: फुल्ल, फूल, गल्ल, गाल. म्हणून फळ आणि फूल एकाच झाडावर असूनही एकाला ळ, एकाला ल. शाळेत हे कोणी सांगत नाही, नुसता 'ळ'चा उच्चार घोटून घेतात.

आणि मूळ अर्थच धरायचा तर त्या जोडीत आयत्त कोण? आंधळ्यासारखी चाचपडणारी कोळंबी. तिचा जीव माशाच्या शेपटीवर.

हां, नावाचं राहिलंच. खाडीतली निवटी याच गोतातली, पण ती चिखलातली. तिचं नाव प्रवाळातल्या माशाला लावून घोळ घालू नका. कोकणात जागेची राखण करणाऱ्याला 'राखणदार' म्हणतात. 'बिळाचा राखणदार' म्हणा, चपखल बसतं.