१४ फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत उभं राहून गळ टाकायला घरीच डेक करायचा आहे. दुकानदार ट्रीटेड प्लायवूड घ्या म्हणतो. घेऊ का? एकूण खर्च किती येईल?

नका घेऊ. ते हिरवट झाक असलेलं 'प्रेशर ट्रीटेड' प्लाय अंगणातल्या कुंपणाला चांगलं. अ‍ॅल्युमिनियमला ते लागताच कामा नये. दुकानदाराचा सल्ला वाचून माझं डोकं फिरलं, कारण हेच वाक्य मी माझ्याच गॅरेजमध्ये ऐकलेलं आहे.

मी मिनेसोटात राहतो. इथे दहा हजारांवर तलाव आहेत आणि आमच्या गल्लीत बोट नसलेला मीच एकटा होतो. २०१८ मध्ये एका आजोबांकडून जुनी, रिव्हेट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) मारलेली १४ फुटी बोट ट्रेलरसकट घेतली. तीन आडवे बाक, बाकी मोकळी. पुढच्या दोन बाकांच्या मध्ये सपाट डेक टाकायचा बेत होता. त्याच आठवड्यात मेव्हणा चार दिवस राहायला आला. मेकॅनिकल इंजिनिअर. "भावोजी, साधं प्लाय दोन वर्षांत कुजेल. ट्रीटेड घ्या, चिंता मिटली." मी पडलो अकाउंटंट. घेतलं, थेट पत्र्यावर टेकवलं आणि वर छान राखाडी कार्पेट चिकटवलं. फोटो सगळ्या नातेवाइकांना गेले.

तिसऱ्या उन्हाळ्यात वॉलाय मासे पकडायला गेलो असताना मुलगी म्हणाली, "बाबा, माझे मोजे ओले झालेत." नीट बस, हात पाण्यात घालू नकोस, म्हणून मी तिलाच ओरडलो. दहा मिनिटांनी माझेही बूट ओले. घरी येऊन डेक उचकटला. कार्पेटखाली कुबट वास, आणि पत्र्यावर प्लाय टेकलं होतं नेमक्या तेवढ्याच पट्ट्यात खडूसारखी पांढरी भुकटी. ती स्क्रू ड्रायव्हरने खरवडली, तर टोक आरपार गेलं. रात्री बोटीत बॅटरी लावून ठेवली आणि ट्रेलरखाली उताणा झोपलो. सात ठिपके चमकत होते.

झालं असं की, ट्रीटेड लाकडात बुरशी-वाळवी लागू नये म्हणून तांब्याची संयुगं दाबाने भरलेली असतात. लाकूड ओलं झालं की तांबं पाझरतं, आणि ओलाव्यात तांबं नि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की झिजतं अ‍ॅल्युमिनियम. अमेरिकेत २००४ पासून घरगुती वापराच्या ट्रीटेड लाकडातलं आर्सेनिक गेलं, त्याच्या जागी आलेल्या रसायनांत तांबं आणखी जास्त. वरून कार्पेट, म्हणजे ओल कधी वाळायचीच नाही. माझी आई चौथी शिकलेली, पण कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवायचं नाही हे तिला ठाऊक होतं.

मेव्हण्याचं म्हणणं आजही असं की, पत्राच जुना होता आणि "मधे रबर घालायचं होतं ना, भावोजी." २०१८ मध्ये रबराचा र सुद्धा निघाला नव्हता. साक्षीदार घरातच आहे, पण ती भावाच्या बाजूने बोलते.

तर प्लाय साधं, बाहेरच्या वापराचं, बिनट्रीटेड घ्या. अर्धा इंची पुरतं, खाली अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलची चौकट करा. सगळ्या बाजूंना, कडांना आणि स्क्रूच्या भोकांच्या आतूनसुद्धा इपॉक्सी, म्हणजे पाणी अडवणारा राळेचा लेप, लावा. लोक कडा विसरतात आणि पाणी तिथूनच शिरतं. स्क्रू स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वॉशर. पितळी काही नको. तळाला शेवाळ धरू नये म्हणून मिळणारा तांबंवाला रंगही नको. कार्पेटऐवजी व्हिनाइल.

मधला बाक कापून जागा मोठी करायचा मोह होईल. कापू नका. तो दोन्ही कडांना धरून ठेवतो आणि त्याच्या पोटात फोम असतो, बोट पाण्याने भरली तर तोच तिला तरंगवणार. फोम पाणी पिऊन जड झाला असेल तर बदला, पण काढून रिकामं ठेवू नका.

हो, आधी गळती तपासा. ट्रेलरवरच आत चार इंच पाणी भरा, जास्त नको, वजन फार होतं. खालून जो रिव्हेट ठिबकेल त्याला मार्करने खूण करा.

बोटीच्या आत माणसं आणि वजन किती चालेल याची पाटी असते. डेकचं वजन त्यातूनच वजा होतं. डेक ठेवा बुटका, उंच केला तर बोट डुलते. हे सगळं गोड्या पाण्याचं. समुद्रात नेणार असाल तर माझं ऐकू नका, खारं पाणी याहून कितीतरी निर्दयी.

आणि खरं सांगायचं तर कार्पेटची कल्पना माझी होती. हे मेव्हण्याला कळवू नये.

खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, बायको हे वाचते.