येरळवाडीला येणाऱ्या परदेशी पक्ष्यांसाठी शेजारी देश खरंच काही करतात का?

करतात, पण सगळे नाहीत. खटाव तालुक्यातल्या येरळवाडी तलावावर हिवाळ्यात उतरणारा पट्टकदंब पिल्लं काढतो मंगोलिया, तिबेटकडे. म्हणजे आपण नुसता तलाव राखून भागत नाही. स्थलांतरित प्राण्यांसाठी 1979 चा बॉन करार आहे. भारत त्यात 1983 पासून, पाकिस्तान, बांगलादेश, मंगोलियाही आहेत. चीन मात्र नाही, आणि वाटेतला मोठा टापू नेमका त्याच्याकडे! या मध्य आशियाई हवाईमार्गावर 30 देश येतात. त्यांच्या समन्वयाचं काम भारताकडे द्यायचं असं 2024 ला समरकंदच्या परिषदेत ठरलं.

माझ्या मते कागदापेक्षा ठोस उदाहरण गिधाडांचं. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारत, नेपाळ, पाकिस्तान या तिघांनीही 2006 मध्ये त्यावर बंदी आणली, बांगलादेशने 2010 मध्ये. माणसांसाठीचं औषध गुरांना टोचण्याची पळवाट होतीच, म्हणून भारताने 2015 ला मोठ्या बाटल्याही बंद केल्या. आपल्याकडच्या गोठ्यातसुद्धा डॉक्टरांना त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामकच मागा, ते गिधाडांना चालतं.