उन्हाळा सरताना वाफ्यावर

शेंगा एक दिवसाआड तोडच, घरात खाणारं कोणी नसलं तरी. वेलावर चार शेंगा जून झाल्या की फुलोरा आटतो. काकडीचंही तेच. टोमॅटोला पाणी मुळाशी आणि नेमाने दे. आठवडाभर कोरडं ठेवून एकदम चिंब केलंस तर फळं तडकतात. पहिल्या वर्षी माझी निम्मी अशीच गेली.

डेलियाची सुकलेली फुलं खुडताना मात्र डोळे उघडे ठेव. टोकदार, दाबल्यावर मऊ लागतं ते संपलेलं फूल. गोल आणि घट्ट ती कळी. घाईघाईत मी अजूनही कळ्याच खुडतो! झेंडूची चार बोंडं बियाण्यासाठी झाडावरच वाळू दे. तण उपटणं जमलं नाही, तर निदान त्याला बी धरू देऊ नकोस.