सान सेबास्तियानहून मित्रांसोबत एका दिवसात समुद्रकाठचं कोणतं गाव बघावं?

उत्तर स्पेनच्या बास्क मुलखातल्या सान सेबास्तियानहून एकच दिवस आणि एकच गाव असेल तर सुमाया. गेतारिया, सारौत्स, ओंदारिबिया ही गावंही देखणी आहेत, पण सह्याद्रीच्या मुलखातून आलेल्या माणसाने सुमायाचे कडे बघावेतच असं मला मनापासून वाटतं.

सान सेबास्तियानहून बिलबाओच्या दिशेने जाणारी एउस्कोट्रेनची छोटी गाडी तुम्हाला तासाभराच्या आत तिथे सोडते. निघायच्या आधी फक्त ओहोटीची वेळ बघा आणि सगळा दिवस तिच्याभोवती बेता. बिस्केच्या उपसागरात उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. भरतीला सुमायाची इत्सुरुन नावाची पुळण जवळजवळ बुडून जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास गेलात तर ओहोटीला पाणी खूप आत हटतं आणि खडकांच्या रांगाच्या रांगा उघड्या पडतात.

या खडकांना तिथे फ्लिश म्हणतात. पापडांची चळत उभी करून थोडी कलती ठेवावी, तसे हे थर दिसतात. कठीण चुनखडीचा एक, मग मऊ मातकट थर, पुन्हा चुनखडी, असं सगळ्या कड्याभर. हा सगळा खोल समुद्राच्या तळाशी बसलेला गाळ. पुढे आयबेरियाचा भूभाग युरोपला भिडला, पिरेनीज पर्वत उभा राहिला आणि त्या रेट्यात समुद्राचा तळही उचलला जाऊन कलंडला. म्हणून वाळूवरून नुसतं सरळ चालत गेलं तरी लाखो वर्षं मागे पडत जातात. आमच्यातली एक मैत्रीण भूशास्त्र शिकलेली आहे. तिने सांगितलं की चुनखडी आणि मऊ थर अशी एक जोडी साधारण 20 हजार वर्षांची असते, कारण पृथ्वीच्या आसाच्या डोलण्याने हवामान बदलत गेलं आणि त्याबरोबर गाळही. ते ऐकल्यावर आम्ही सगळेच बोटांनी जोड्या मोजायला लागलो, आणि हाताच्या टप्प्यातच काही लाख वर्षं झाली! डायनोसॉर संपल्यानंतरच्या पॅलिओसीन नावाच्या काळातल्या दोन टप्प्यांच्या सुरुवातीच्या रेषा जगभरासाठी याच पुळणीवरच्या खडकांवरून ठरवल्या आहेत. 2008 साली त्यांना मान्यता मिळाली.

समुद्राकडे तोंड केलंत की डाव्या हाताला अल्गोरीचं टोक येतं. तिकडचे थर जास्त जुने. तिथेच काळसर चिकणमातीचा एक पातळ पट्टा आहे, 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. मेक्सिकोत अशनी आदळला, डायनोसॉर संपले, त्या वेळची ही माती; तिच्यात इरिडियम हा पृथ्वीच्या पाठीवर दुर्मीळ, पण अशनींत आढळणारा धातू सापडतो. त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनच्या भेगांतून लाव्हा वाहत होता. आपले गड ज्या काळ्या कातळावर उभे आहेत, तो त्याच लाव्ह्याचा. त्या महासंहारात दख्खनच्या ज्वालामुखींचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत. एवढ्या लांब, परक्या समुद्राच्या काठी आपल्या सह्याद्रीचा जन्मकाळ समोर दिसावा, याने मी अक्षरशः हलून गेलो. तो पट्टा जाणकाराशिवाय सहज ओळखू येत नाही, म्हणून गावातल्या अल्गोरी माहिती केंद्रात आधी डोकवा आणि जमलं तर वाटाड्याबरोबरच जा. कड्याच्या अगदी खाली बसू नका, दगड सुटतात. आणि खडकाचा तुकडा खिशात घालू नका. हा किनारा संरक्षित आहे.

वर कड्याच्या टोकाशी सान तेल्मोचं पांढरं देऊळवजा चर्च आहे. सान तेल्मो दर्यावर्दींचा संत. तिथून सगळी पुळण नजरेत येते, तेव्हा भरती चढायला लागली की वर या.

जेवण गावातच करा. खिल्दा मागवा, काडीला टोचलेला छोटा खाऊ: ऑलिव्ह, लोणच्यातली हिरवी मिरची आणि खारवलेली अँचोव्ही. शाकाहारी मंडळींना बटाट्याचं जाड ऑम्लेट चालत असेल तर उत्तम, नाहीतर मेंढीच्या दुधाचं इदियासाबाल चीज आणि तळलेल्या मिरच्या मिळतात. चाकोली ही तिथली हलकी, आंबूस पांढरी वाइन, ती उंचावरून धार धरून ओततात.

पायांत जोर असेल तर दुपारी गेतारियापर्यंत चालत जा. आस्किसू वाडीवरून, चाकोलीच्या द्राक्षमळ्यांमधून जाणारी ही सान्तियागोच्या यात्रेकरूंची वाट आहे, दीड-दोन तासांची. गेतारिया हे एल्कानोचं गाव. मोहिमेचा प्रमुख मॅगेलन वाटेत मारला गेल्यावर 1522 साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून जहाज परत आणलं ते याने. तिथे उपाहारगृहांच्या दारातच कोळशावर अख्खे मासे भाजतात. गेतारियाला रेल्वे नाही. सान सेबास्तियानला परतायला बस मिळते.

दिवसभर पाऊस लागला तर कड्यांचा नाद सोडा, थेट गेतारियाला जा आणि बालेन्सियागा संग्रहालय बघा. हा थोर वस्त्रकार 1895 मध्ये याच कोळ्यांच्या गावात जन्मला.