तीन सभा झाल्या, चुंगडी काही सुटत नाही

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीनं तीन सभांत तक्ते दाखवून सांगितलं की कापूस प्लास्टिकच्या चुंगडीत (पोत्यात) नको, कापडी झोळीत वेचा. कोणी बदललं नाही. गोष्ट सांगून जमेल का? (एक संचालक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : जमेल, पण ती अध्यक्षांनी सांगू नये. मागच्या हंगामात झोळी वापरलेला कोरडवाहू, चार-पाच एकरवाला सभासद शोधा. ओलितवाला उभा केला की "त्याचं जमते, आपलं नाही" म्हणत लोक उठतात. झोळीवाल्या सभासदाला वऱ्हाडीतच पाच मिनिटं बोलू द्या. वेचणाऱ्या बाया काय कुरकुरल्या, दव सुकेपर्यंत थांबताना किती वेळ गेला, हे अजिबात गाळू नका; अडचण काढून टाकलेली गोष्ट जाहिरात वाटते आणि विश्वास तिथंच जातो. आकडे मोजकेच : सीसीआयचा (भारतीय कापूस महामंडळाचा) पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत, पुढे कपात, १२ च्या वर खरेदीच नाही. त्या सभासदाची विक्रीची पावती हातोहात फिरवा. चुंगडीचा एक धागाही दाखवा : जिनिंगमध्ये (सरकी वेगळी करताना) त्याचे तुकडे होतात, रुईतून निघत नाहीत, कापडात रंग धरत नाहीत.

सभा सीतादहीच्या, म्हणजे वेचणी सुरू करतानाच्या पूजेच्या, आधी घ्या. झोळ्या त्याच दिवशी वाटा. आठवडा गेला की पहिल्या वेच्याला पुन्हा चुंगडीच निघते.